जुन्या स्पोर्ट्स गाडीला ब्रेक कूलिंग किट: घाट उतरताना त्याचा उपयोग किती?

पुण्याहून दिवेआगर, श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरला निघालेली गाडी मुळशीचं पाणी मागे टाकून ताम्हिणी घाटात शिरते आणि विळ्याच्या बाजूला कोकणात उतरते. उतार संपला की रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर गाड्या थांबतात. रविवारी सकाळी तिथे उभं राहिलं तर चहाच्या वासात आणखी एक वास मिसळलेला असतो. जळक्या रबरासारखा, थोडा करपलेला, नाकात बसणारा. तो तापलेल्या ब्रेक पॅडचा वास असतो.

गाडी नवी असेल तर बहुतेक वेळा प्रकरण वासावरच मिटतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची दोन दारांची स्पोर्ट्स गाडी असेल तर मालकाच्या मनात वेगळाच विचार सुरू होतो. परदेशात अशा गाड्यांना पुढच्या बंपरमधून हवा घेऊन थेट डिस्कवर सोडणारे पाइप बसवतात. आपणही बसवावेत का? हे किट मागवता येतं, बसवताही येतं. पण ते नेमकं कोणत्या अडचणीवर उत्तर आहे आणि रायगडच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीची अडचण तीच आहे का, हे आधी पाहिलं पाहिजे.

घाटात किती उष्णता तयार होते?

ब्रेक गाडी थांबवतात म्हणजे गाडीच्या गतीचं उष्णतेत रूपांतर करतात. सपाट रस्त्यावर ही उष्णता फक्त वेगातून येते. उतारावर तिच्यात उंचीची भर पडते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर गाडी जितकी खाली येईल तितकी ऊर्जा कुठेतरी जिरवावीच लागते.

साधा हिशोब करू. माणसं आणि सामान धरून १,२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरली, तर सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. पाण्याचा २० लिटरचा जार तीस अंशांपासून उकळीला आणायला साधारण इतकीच उष्णता लागते. दुसऱ्या मापाने सांगायचं तर हीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबवण्याइतकं हे काम आहे. यातला काही भाग टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा खातात. उरलेला इंजिनाने खायचा की ब्रेकने, हे चालकाच्या डाव्या हातावर आणि डाव्या पायावर, म्हणजे गिअरवर ठरतं.

ब्रेकची डिस्क ही बिडाची थाळी असते. पुढच्या दोन डिस्क प्रत्येकी पाच किलोच्या धरल्या आणि ब्रेकचं सत्तर टक्के काम पुढच्या चाकांवर येतं असं मानलं, तर ताशी १०० वरून एकदा थांबताना त्या साठ-पासष्ट अंशांनी तापतात. एकदाच थांबलं तर काही बिघडत नाही. पण डिस्क थंड व्हायच्या आत पुन्हा ब्रेक, पुन्हा ब्रेक असं चाललं की तापमान पायरी पायरीने चढत जातं. घाटात तर अनेक चालक ब्रेक सोडतच नाहीत. पेडलवर हलका पाय ठेवून पूर्ण उतार उतरतात. पेडल जोरात दाबलेलं नसतं, त्यामुळे ब्रेकवर ताण आहे असं वाटत नाही. खालच्या बाजूला मात्र वीस मिनिटं सलग दोन-अडीच गीझर चालू असल्यासारखी उष्णता तयार होत असते.

ब्रेक लागत नाहीत म्हणजे काय होतं?

‘ब्रेक फेल’ या एका शब्दाखाली आपल्याकडे निदान तीन वेगळ्या गोष्टी टाकल्या जातात. प्रत्येकीचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

पहिली गोष्ट पॅडची. पॅडमधला पदार्थ एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड कमी होते. पेडल नेहमीसारखंच घट्ट लागतं, पण कितीही दाबलं तरी गाडी हवी तशी मंदावत नाही. यालाच ब्रेक फेड म्हणतात. पॅड थंड झाले की पकड परत येते. फार तापून पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तर मात्र ती पूर्ण परत येत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. आपल्याकडे सगळे ऑइल म्हणतात, पण हा द्रव तेल नव्हे. तो हवेतली वाफ शोषतो. पेडलचा दाब चाकापर्यंत नेणं हे त्याचं काम, आणि द्रव दाबला जात नाही म्हणूनच ते जमतं. तो उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल एकाएकी मऊ पडतं, कधी थेट फ्लोअरला टेकतं. तिघांत सर्वांत घातक हीच. पॅडचा फेड हळूहळू जाणवतो, वास येतो, सावध व्हायला थोडा वेळ मिळतो. ऑइल उकळलं की तो मिळत नाही. अशा वेळी पेडल भराभर पंप केल्याने थोडा दाब परत मिळू शकतो, आणि खालचा गिअर टाकून हँडब्रेक हळूहळू ओढणं एवढंच हातात उरतं.

तिसरी गोष्ट ड्रम ब्रेकची. जुन्या फियाट-पद्मिनीला चारही चाकांना ड्रम असायचे, आणि आजही कित्येक छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांना ते असतात. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या ब्रेक शूपासून लांब जातो. त्यामुळे पेडल जास्त खाली जातं. डिस्क तापून फुगली तरी पॅडपासून लांब जात नाही, शिवाय ती उघड्यावर असल्याने लवकर निवते. शर्यतीच्या गाड्यांनी ड्रम सोडून डिस्क धरली ती याच कारणाने. १९५३ मध्ये फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारच्या सी-टाइप गाडीने डिस्क ब्रेकवर जिंकली. १९५५ मध्ये त्याच शर्यतीत उतरलेल्या मर्सिडीज ३०० एसएलआरला मात्र ड्रमच होते. ते सांभाळण्यासाठी कंपनीने चालकाच्या पाठीमागे विमानासारखा उघडणारा एक मोठा पत्रा बसवला होता, म्हणजे वेग कमी करायचं थोडं काम हवेने करावं.

कूलिंग किटमध्ये असतं काय?

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या डिस्क पोकळ असतात. दोन थाळ्यांच्या मध्ये उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामधून हवेच्या वाटा. चाक फिरतं तेव्हा ही डिस्क पंख्यासारखी काम करते. मधल्या भोकाजवळून हवा आत ओढते आणि कडेने बाहेर फेकते. कूलिंग किटचा सगळा खेळ या मधल्या भागापर्यंत थंड हवा पोहोचवण्याचा आहे.

साधा प्रकार म्हणजे डिफ्लेक्टर, सस्पेन्शनच्या आर्मला अडकवलेली प्लास्टिकची एक वळणदार पट्टी. गाडीखालून वाहणारी हवा ती डिस्ककडे वळवते. पोर्शेने ९११ जीटी३ साठी बनवलेल्या अशा पट्ट्या जुन्या ९९६ मालिकेच्या ९११ ला आणि ९८६ मालिकेच्या बॉक्सस्टरला बसवण्याची पद्धत जगभर रुळली आहे, कारण त्या मूळ कंपनीच्याच असतात, स्वस्त पडतात आणि काही कापाकापी करावी लागत नाही.

पुढचा प्रकार पाइपचा. बंपरमध्ये, बहुतेक वेळा फॉग लॅम्पच्या जागी, हवा आत घेणारं तोंड बसतं. तिथून दोन ते तीन इंच व्यासाचा, उष्णता सोसणारा लवचिक पाइप चाकापर्यंत जातो. डिस्कच्या आतल्या बाजूला जो पातळ पत्रा असतो, त्याच्या जागी पाइपसाठी नळकांडं असलेली जाड प्लेट लावतात आणि हवा डिस्कच्या मध्यावर सोडतात. इथे एक चूक नेहमी होते. पाइपचं तोंड डिस्कच्या आतल्या सपाट बाजूवर रोखलेलं असतं. मग ती एक बाजू थंड आणि बाहेरची बाजू गरम राहते, आणि डिस्क बशीसारखी किंचित वाकू लागते. अशा पाइपपेक्षा पाइप नसलेला बरा.

पाइप बसवल्यावर चाक उचललेलं असताना आणि जमिनीवर टेकलेलं असताना, दोन्ही वेळा स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावं लागतं. पाइप टायरला, ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटाला, एबीएसच्या वायरला किंवा ब्रेकच्या रबरी होजला घासता कामा नये. घासून फाटलेला हवेचा पाइप बदलता येतो. घासून फाटलेला ब्रेक होज घाटात कळतो.

याशिवाय भोकं पाडलेल्या किंवा चरे मारलेल्या डिस्क, पॅड आणि पिस्टनच्या मध्ये घालायचे टायटॅनियमचे पातळ पत्रे, मोठे कॅलिपर असं बरंच काही बाजारात मिळतं. भोकांच्या डिस्क दिसायला देखण्या असतात, पण वारंवार तापल्या-निवल्यावर तडे बहुधा त्या भोकांपासूनच सुरू होतात. टायटॅनियमचा पत्रा डिस्क थंड करत नाही. तो उष्णतेला पिस्टनकडे आणि पुढे ऑइलकडे जाण्यापासून अडवतो, आणि ते कामही मोलाचं आहे.

ट्रॅक आणि घाट यांत फरक काय?

हे सगळे भाग मुळात शर्यतीच्या ट्रॅकसाठी तयार झाले. कोइम्बतूरचा करी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट डोळ्यांसमोर आणा. आपली तीच १,२०० किलोची गाडी ताशी १६० वरून ६० वर येते तेव्हा सुमारे १० लाख ज्यूल उष्णता एका झटक्यात तयार होते. दोन मिनिटांच्या फेरीत असं पाच वेळा झालं, तर ताम्हिणीचा अख्खा उतार जेवढी उष्णता वीस मिनिटांत देतो, जवळपास तेवढी ट्रॅक दोन मिनिटांत देतो. दोन ब्रेकच्या मध्ये गाडी सुसाट पळत असते, त्यामुळे पाइपमधून भरपूर हवाही येते. पाइपचा फायदा दिसतो तो इथे.

घाटात चित्र उलटं असतं. उष्णता कमी, पण सलग. वेग ताशी तीस-चाळीस. वेग चौपट कमी झाला की हवेचा दाब सोळा पटींनी कमी होतो आणि पाइपमधून जाणारी हवा ढोबळमानाने चौथ्या हिश्शावर येते. डिस्कमधला पंखाही त्याच प्रमाणात मंदावतो. वळणावर पुढे एसटी किंवा ट्रक असेल तर त्याच्या मागची हवा आधीच गरम असते. थोडक्यात, ज्या वेगाने घाट उतरावा त्या वेगाला हे किट जवळजवळ झोपलेलं असतं.

वाहनांच्या चाचण्यांतही हा फरक दिसतो. युरोपीय नियमांत प्रवासी गाडीची गरम ब्रेकची चाचणी अशी असते: दर ४५ सेकंदांनी एक, असे १५ वेळा वेग कमी करायचा आणि मग गाडी ठरलेल्या अंतरात थांबते का ते पाहायचं. जड ट्रक आणि बसना त्याशिवाय वेगळी उताराची चाचणी असते, ६ टक्के उतारावर ताशी ३० च्या वेगाने ६ किलोमीटर. छोट्या गाडीला ती नाही. घाटासारखा लांब, सलग उतार छोट्या गाडीने गिअरच्या जोरावर उतरावा, असं त्यात गृहीत आहे म्हणायला हरकत नाही.

रेल्वेने हे फार आधी ओळखलं होतं. खोपोलीच्या डोक्यावरचा बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा चढ दर ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासण्यासाठी घाटात थांबे ठेवले आणि सुटलेली गाडी चढावर वळवून थांबवण्यासाठी वेगळे रूळ घातले. पुढे विजेची इंजिनं आली तेव्हा उतारावर त्यांच्या मोटारीच जनरेटरसारख्या चालवून वेग आवरता येऊ लागला, म्हणजे चाकावरच्या ब्रेकवरचा भार हलका झाला. मोटारगाडीत हेच काम खालचा गिअर करतो.

ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही चुकीचा ठरलेला नाही. इंजिन फारच गरगरत असेल तर एक गिअर वर, पण न्यूट्रल कधीच नाही. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय अजून टिकून आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तर तिच्यामुळे पेट्रोल वाचतही नाही, कारण गिअरमध्ये उतरताना इंजिनाला जाणारं पेट्रोल बंद होतं आणि न्यूट्रलमध्ये ते चालू राहतं. इंजिन बंद करून उतरणं त्याहून वाईट. ब्रेकला हात देणारा व्हॅक्यूम बूस्टर दोन-तीन दाबांनंतर रिकामा होतो आणि पेडल दगडासारखं होतं.

ब्रेक मारायचा तो ठामपणे, वेग हवा तितका उतरवायचा आणि पेडल सोडून द्यायचं. सोडलेल्या त्या काही सेकंदांत डिस्क निवते. पाय ठेवून राहिलं की ती संधी तिला मिळत नाही.

किनाऱ्याचा खारा वारा

घाट उतरून गाडी समुद्राजवळ आली की दुसराच शत्रू भेटतो, आणि जुन्या स्पोर्ट्स गाडीसाठी तो जास्त चिवट आहे.

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. मुंबईची गाडी आता घाट सोडाच, पेण-वडखळची गर्दीही न पाहता अलिबागला पोहोचते. शनिवार-रविवारसाठी आणलेल्या हौसेच्या गाड्याही या वाटेने येतात. त्यांतल्या काही आठवडेच्या आठवडे नारळीच्या वाडीत कव्हरखाली उभ्या असतात. वाऱ्यात मीठ, पावसाळ्यात चार महिने ओल, आणि एखाद्या संध्याकाळी किनाऱ्यावर फिरवलेल्या चाकांत राहिलेली रेती. बिडाच्या डिस्कला गंज चढायला एक रात्र पुरते. वरचा लाल थर चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको. काळजी आहे ती डिस्कच्या आतल्या हवेच्या वाटांची. तिथला गंज कुणी पाहत नाही, तो निघतही नाही. पट्ट्या आतून सुटू लागतात आणि वाटा बुजतात. अशा डिस्कवर महागडा पाइप रोखला तरी हवा जाणार कुठून?

त्याहून नेहमीचा प्रकार म्हणजे कॅलिपर अडकणं. बहुतेक गाड्यांत कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पिनांचं ग्रीस वाळलं, रबरी बूट फाटला, खारं पाणी आत गेलं की पिना धरतात. मग पेडल सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. पिस्टनला गंज धरला तरी तेच. जुना ब्रेक होज आतून फुगला तर दाब चाकाकडे जातो पण परत येत नाही, आणि परिणाम पुन्हा तोच. गाडी सपाट रस्त्यावर चालत असतानाही एक ब्रेक सारखा लागलेला असतो. अशी गाडी ताम्हिणी उतरायला लागते ती आधीच तापलेल्या डिस्कनिशी.

आपले ब्रेक फार तापतात अशी तक्रार करणाऱ्या जुन्या गाडीत हवा कमी पडत असेल अशी शक्यता कमी आणि काहीतरी अडकलेलं असेल अशी शक्यता जास्त. ओळखायला सोपं आहे. गाडी फारसे ब्रेक न मारता दहा-बारा किलोमीटर चालवावी आणि चारही चाकांचं तापमान पाहावं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर तळहाताची पाठ रिमजवळ, न टेकवता धरली तरी फरक कळतो. डावं आणि उजवं चाक साधारण सारखंच गरम असायला हवं. एकच चाक तापलेलं असेल तर दोष त्या चाकात आहे. कूलिंग किट इथे नुसतं निरुपयोगी नाही तर घातकही ठरू शकतं, कारण ते आजार तसाच ठेवून ताप उतरवतं.

ब्रेक ऑइलवर लिहिलेला आकडा

उरला प्रश्न ऑइलचा. डब्यावर डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ असं लिहिलेलं असतं. या प्रतीला दोन उत्कलनबिंदू ठरवून दिलेले असतात. नवं, कोरडं ऑइल किमान किती अंशांपर्यंत उकळता कामा नये हा पहिला, आणि सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यानंतर किती हा दुसरा. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० अंश सेल्सिअस आहेत. डॉट ४ साठी २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०.

दुसऱ्या आकड्याकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं की जुनं झालेलं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षा पन्नास अंश आधी उकळतं. डब्यावरच्या प्रतीपेक्षा ऑइलचं वय महत्त्वाचं. ते रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून हवेतली ओल घेत राहतं, गाडी उभी असली तरी. दर दोन वर्षांनी बदलावं असं बहुतेक कंपन्या सांगतात. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्या आणि घाट उतरणाऱ्या गाडीला दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदललं तर जास्त होत नाही. खर्च एका कूलिंग पाइपपेक्षाही कमी, आणि घाटापुरता फायदा अख्ख्या किटपेक्षा जास्त. बदलताना चारही चाकांतून एअर काढून घ्यावी. नुसतं टाकीतलं ऑइल बदललं तर सर्वांत जुनं, सर्वांत ओलं ऑइल तापणाऱ्या कॅलिपरमध्येच राहतं. डॉट ५ हा सिलिकॉनचा वेगळा प्रकार आहे. नाव सारखं वाटतं म्हणून तो इतरांत मिसळू नये.

पॅडच्या बाबतीतही अशीच फसगत होते. ‘रेसिंग’ लिहिलेले पॅड जास्त चांगले असा समज आहे. असे अनेक पॅड भरपूर तापल्यावरच पकड धरतात. सकाळी नागावहून निघून पहिल्याच वळणावर बैलगाडी आडवी आली तर थंड रेसिंग पॅड साध्या पॅडपेक्षा कमी थांबवतात. शिवाय असे पॅड फक्त पुढे टाकले तर पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधला मेळ बिघडतो. रस्त्यासाठी बनवलेला, थोडा वरच्या दर्जाचा पॅड आणि तो बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर हलके-मध्यम ब्रेक मारून केलेलं नीट बेडिंग, हे पुरतं.

तरीही किट बसवायचंच असेल तर

ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला ते बसवावंच. आणि वर सांगितलेलं सगळं करूनही मन मानत नसेल, तर घाट-किनाऱ्यापुरता डिफ्लेक्टर हा सगळ्यात सुटसुटीत पर्याय आहे. पाइपचं उघडं तोंड आपल्या पावसाळ्यात हवेइतकंच पाणीही गिळतं. महाड-माणगावकडच्या पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ते पाणी थेट डिस्कवर जातं. ओली डिस्क पहिल्या क्षणी पकडत नाही, आणि घाटात लाल व्हायच्या बेतात असलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. म्हणून जूनमध्ये पाइपची तोंडं झाकणाने बंद करणारे मालक शहाणे. हवा जास्त लागावी म्हणून डिस्कमागचा पत्रा काढून टाकण्याची युक्ती इथे नको. तो पत्रा रेती आणि चिखल अडवतो.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे लागू असल्याचं सांगितलं. आतून बसवलेल्या डिफ्लेक्टरने असा तपशील बदलत नाही. बंपर कापणं, वेगळ्या मापाचे कॅलिपर आणि चाकं घालणं यांचं तसं नाही, ते आरटीओत आधी विचारून घ्यावं. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी तपासली जाते, तेव्हा मूळ भाग जपून ठेवलेले असले तर सोपं जातं. विमा कंपनीलाही बदल कळवलेला बरा. गोव्यात बनलेल्या, फायबर बॉडीच्या सॅन स्टॉर्मसारख्या थोड्याच निघालेल्या गाडीचा बंपर कापायचा असेल, तर दुसरा बंपर मिळणार नाही हे कायद्याच्याही आधी लक्षात घ्यावं.

घाट उतरल्यावर लगेच थांबू नये

ऑइल उकळण्याची एक वेळ अशी आहे जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही: गाडी थांबल्यानंतरची. चालत्या गाडीत डिस्कवरून थोडी का होईना हवा वाहत असते. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवली की ती बंद होते. तापलेल्या डिस्क आणि पॅडमधली उष्णता मग कॅलिपरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये शिरते. चहा पिऊन पंधरा मिनिटांनी निघालेल्या चालकाला पेडल मऊ लागतं, ते यामुळे. थांबताना ब्रेक ठीक होते, म्हणून तो गोंधळतो.

त्यामुळे वास येत असेल तर टपरी सोडून द्यावी आणि सपाट रस्त्यावर, शक्य तितके कमी ब्रेक मारत, निजामपूरच्या दिशेने चार-पाच किलोमीटर गाडी तशीच चालवावी. पोलादपूरला आंबेनळी उतरून किंवा महाडकडे वरंधा उतरून येणाऱ्यांनीही तेच करावं. मात्र पेडल आधीच मऊ झालं असेल तर हा सल्ला लागू नाही. तेव्हा खालच्या गिअरमध्ये, रस्ता मोकळा सापडेल तिथे गाडी बाजूला घ्यायची आणि तासभर हलवायची नाही. थांबल्यावर हँडब्रेक ओढून ठेवू नये. तापलेला पॅड डिस्कला एकाच जागी दाबून राहिला तर त्याचा थर तिथे चिकटतो, आणि नंतर ब्रेक मारताना पेडल थरथरतं. मेकॅनिक डिस्क वाकली असं सांगून ती लेथवर फेस करायला पाठवतो. कित्येकदा ती वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचा डाग बसलेला असतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा. आणि चाकावर पाण्याची बादली ओतायला टपरीवरचा पोरगा हौसेने पुढे आला, तर त्याला थांबवावं.